एक अद्भुतनाट्य, खालून आणि वरून

ज्या अद्भुतनाट्याची घोषणा झाल्यापासून आम्ही मित्रमंडळी वाट पाहत होतो, ते अखेर पाहून झाले. कथानकाविषयी मी काहीही सांगणार नाही, कारण अशा नाटकाची निम्मी गंमत पुढे काय होणार हे ठाऊक नसण्यातच असते. तिकिटे कशी मिळवली, कोठे बसलो आणि तेथून काय दिसले, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे. कारण जादू, उड्डाणे आणि भुतेखेते यांनी भरलेल्या नाटकात आपण कोठे बसतो यावर आपल्याला काय दिसणार हे फार मोठ्या प्रमाणात ठरते.

नाटक दोन भागांचे होते आणि दोन्ही भाग एकाच दिवशी, दुपारी व संध्याकाळी, पाहायचे होते. सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवायचे काम ग्रुपवरच्या चर्चेवर सोडले असते, तर प्रयोग बंद होईपर्यंत चर्चाच चालली असती. म्हणून आधीच पैसे गोळा करून, तारखांचा पसंतीक्रम लावून आम्ही सर्वाधिकार एकाच मित्राकडे दिले. बुकिंग ऑनलाइन होते. रांगेत नंबर लागल्यावर निवडलेली आसने काही मिनिटेच राखून ठेवली जातात, आणि तेवढ्या वेळात ‘थांब, तिला विचारून सांगतो’ म्हणायची सोय नसते. सलग आसने मात्र मिळाली नाहीत. निम्मे जण तळमजल्यावर आणि निम्मे बाल्कनीत, असे वाटप झाले. थोडी कुरकुर झाली खरी, पण तिकिटे हातात आल्याच्या आनंदात ती फार टिकली नाही.

आसनांचा नकाशा पाहताना त्या मित्राने एक गोष्ट फार नेमकी हेरली होती. तळमजल्याच्या शेवटच्या रांगांवर बाल्कनीचे छत पुढे आलेले असते, त्यामुळे तेथून रंगमंचाचा वरचा भाग कापला जातो. पात्र उडाले की त्याचे पायच तेवढे दिसतात. अगदी कडेच्या आसनांवरून समोरच्या विंगेत उभी असलेली माणसे दिसतात. पहिल्या रांगेत मान वर करून बसावे लागते आणि रंगमंचाची जमीन जवळजवळ दिसतच नाही. म्हणून त्याने खाली मधल्या रांगा घेतल्या आणि वर बाल्कनीची पुढची बाजू.

रंगमंचावरच्या जादूला हा कोनाचा प्रश्न फार जुना आहे. 1862 साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी जे भूत दाखवले, ते तिरक्या ठेवलेल्या मोठ्या काचेतले प्रतिबिंब होते. खरा नट प्रेक्षकांच्या नजरेआड, प्रखर प्रकाशात उभा असे. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची, पण त्यांच्या योजनेसाठी नाट्यगृहाची बांधणीच बदलावी लागली असती. पेपर यांनी काचेचा कोन बदलून ते भूत नेहमीच्या नाट्यगृहात आणले. तरीही काच जेथून नीट काम करते त्या पट्ट्याच्या बाहेर बसलेल्याला भूत दिसत नाही, हे उरलेच.

पहिला भाग मी खाली बसून पाहिला. एका प्रवेशात पेटलेली मेणबत्ती हवेतून संथपणे पुढे आली, एका पात्राच्या खांद्यापाशी थबकली आणि मागे वळली. मागे काळा पडदा, काळ्या कपड्यांतला कलावंत आणि केवळ बाजूने सोडलेला प्रकाशाचा अरुंद पट्टा, अशी ही करामत असते हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी शेजारच्या मैत्रिणीचा हात घट्ट धरला. तिने मूळ कथा मुळीच वाचलेली नव्हती. पहिला भाग संपताच ती म्हणाली, “अगं, कोण कोणाचा कोण ते तेवढं सांग, पुढचं काही सांगू नकोस.” आम्ही हा करार काटेकोरपणे पाळला.

दोन भागांच्या मधल्या वेळेत आम्ही वरच्यांशी तिकिटांची अदलाबदल केली, आणि या दिवसातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता. वरून पाहताना जमिनीवरचे झडपांचे चौकोनी सांधे स्पष्ट दिसत होते. कोणते पात्र कोठून वर येणार याचा अंदाज आधीच बांधता येत होता. उड्डाणापूर्वी नट क्षणभर प्रेक्षकांकडे पाठ करून, अंगरखा पसरून उभा राहतो, तेव्हा मागे तारा अडकवल्या जातात, हेही कळले. (1904 मध्ये ‘पीटर पॅन’ रंगमंचावर आल्यानंतर मुले घरी पलंगावरून उड्या मारून स्वतःला इजा करून घेऊ लागली, म्हणून उडण्यासाठी परीची धूळ अंगावर पडावी लागते अशी अट लेखकाने नंतर घातली. मोठ्या माणसांचेही काही खरे नाही.) पण खाली असताना जे अजिबात जाणवले नव्हते, ते वरूनच दिसले: प्रकाशयोजनाकाराने जमिनीवर वर्तुळे रेखली होती आणि पात्रे एका वर्तुळातून दुसऱ्यात गेली की काळ बदलत होता. तळमजल्यावर तोच बदल केवळ प्रकाश मंदावल्यासारखा वाटतो.

सांधे दिसले म्हणून जादू ओसरली, असे मला मुळीच वाटले नाही. रसभंग झाला तो संगीताने. प्रत्येक चमत्काराच्या आधी ढोलांचा गडगडाट होत असल्याने, ‘आता काहीतरी होणार’ हे आंधळ्यालाही कळले असते. जेथे संगीतकार गप्प बसला, नेमकी तेथेच नाट्यगृहातून खरी किंकाळी उठली.

एका करामतीवरून आमच्यात अजूनही वाद आहे. शेवटच्या अंकात एक पात्र डाव्या विंगेत जाते आणि श्वास घेण्याइतक्या वेळात उजवीकडून, भिजलेल्या कपड्यांत येते. दोन वेगवेगळे नट आहेत असे खालचे म्हणतात. वरून मात्र चालण्याची ढब तीच दिसत होती, आणि डाव्या विंगेजवळची झडप हललेली मी स्वतः पाहिली आहे.