तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून ‘प्लॅन नाइन’ का वापरतो

विचारणारे तिघंच आहेत, पण सारखे विचारतात: ऑफिसात शेजारी बसणारा, माझा भाचा आणि लॅपटॉप दुरुस्त करणारा. ‘हे लिनक्सच ना?’ नाही, विंडोज-लिनक्ससारखीच, पण वेगळी अशी ही संगणक चालवणारी सिस्टिम. ‘क्रोम चालतं?’ नाही. ‘हा ससा कसला?’ ती ग्लेंडा, रेने फ्रेंचने काढलेली, आणि ते आमचं बोधचिन्ह आहे. ‘मग यात तुम्ही करता तरी काय?’ इथवर आलं की मी हसून चहाचं विचारतो. आज विचारत नाही. एकदाच काय ते सांगून टाकतो.

आधी कबुली. बँक, यूपीआय, रेल्वेचं तिकीट हे सगळं फोनवर. ऑफिसचं काम कंपनीच्या लॅपटॉपवर. तेव्हा ‘वापरतो’ म्हणजे एका जुन्या थिंकपॅडवर सकाळी तासभर आणि रात्री जेवण झाल्यावर दोनेक तास. त्यात असते नाइनफ्रंट, म्हणजे मूळ प्लॅन नाइनपासून २०११ साली फुटलेली शाखा. मूळ सिस्टिम ज्यांनी केली त्या अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेने ती २०२१ मध्ये एका फाउंडेशनच्या हवाली केली. थोडक्यात, मी ज्या घरात राहतो ते घर बांधणारे कधीच दुसरीकडे राहायला गेलेत. हे मला माहीत आहे. सांगू नका.

दहा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी तुम्हाला तासभर सोडलं नसतं. युनिक्स ही लिनक्सच्याही आधीची सिस्टिम बेल लॅब्जच्या ज्या गटात झाली त्याच गटातल्या मंडळींनी, केन थॉम्पसन, रॉब पाइक वगैरेंनी, न्यू जर्सीतल्या मरे हिलला बसून युनिक्समध्ये जे अर्धवट राहिलं होतं ते पुरं करायला घेतलं. युनिक्समध्ये ‘सगळं म्हणजे फाइल’ हे म्हणायला होतं, इथे ते खरोखर आहे. खिडकी फाइल, माउस फाइल, नेटवर्क फाइल, दुसऱ्या खोलीतलं मशीनही फाइलींचा एक गठ्ठाच. या सगळ्यांशी बोलायला नाइनपी नावाची एकच भाषा, आणि तिच्यात विनंत्या फक्त तेरा. एका रविवारी मी हॉलमधल्या डेस्कटॉपची आवाजाची फाइल लॅपटॉपवर जोडून घेतली आणि बेडरूममध्ये बसून हॉलमध्ये भीमपलास लावला. एकही नवं सॉफ्टवेअर टाकलं नाही. बायको म्हणाली, ‘ब्लूटूथ आहे की आपल्याकडे.’

तेव्हा मला तिचा राग आला होता. आता वाटतं, तिचं बरोबर होतं आणि माझंही. त्या वेळच्या माझ्या तासभराच्या उत्तरात एक गोष्ट मी गाळायचो. हे कुणाकडे नाही आणि माझ्याकडे आहे, याची मला गुदगुली व्हायची. साधेपणा, नेमकेपणा हे शब्द मी वापरायचो ते खोटे नव्हते, पण त्यांच्या आड ती गुदगुली असायची.

त्या उत्तरातला माझा हुकमाचा पत्ता होता यूटीएफ-८. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये, ताटाखालच्या कागदावर, थॉम्पसनने जगातल्या सगळ्या लिप्या बाइटांत बसवायची ती पद्धत मांडली. पाइक समोर होता. काही दिवसांत दोघांनी अख्खी प्लॅन नाइन तिच्यावर आणली. आज तुमच्या फोनवर ‘पोचलास का?’ असा मेसेज येतो तो त्याच पद्धतीने येतो. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं, ‘ज्ञ’ म्हणजे ज, पाय मोडायची खूण आणि ञ, मिळून नऊ बाइट. मी भाच्याला म्हणायचो, अरे, मराठीला संगणकात पक्कं घर मिळालं ते इथे.

घर मिळालं, पण आरसा नाही. प्लॅन नाइन एका चिन्हाला एक चित्र काढते आणि ती चित्रं ओळीने मांडते. संपलं. इंग्रजीला, रशियनला एवढं पुरतं. आपल्याकडे पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते आणि कागदावर आधी. साठवताना ती अक्षरानंतरच साठवतात, दाखवताना मागे आणायचं काम सिस्टिमचं. प्लॅन नाइन ते करत नाही. त्यामुळे ‘किसन’चा ‘कसिन’ होतो. जोडाक्षरं जुळत नाहीत, नुसते पाय मोडलेले दिसतात. रफार वर चढतच नाही. लोहित फॉन्टमधून चित्रं काढून मी त्यात देवनागरी आणली होती, त्यामुळे चौकोन दिसायचे थांबले होते, इतकंच. बाइट शुद्ध, चित्र अशुद्ध. आणि माझं असं झालं की दोन वर्षांत मला ते अशुद्ध दिसेनासं झालं. मी ‘कसिन’ बघायचो आणि किसन वाचायचो.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर तिने दोनशे पानी वहीत कराडजवळच्या गावातलं लहानपण लिहून काढलं, आणि ती वही मी या लॅपटॉपवर टाइप करत होतो. याच लॅपटॉपवर, कारण हॉलमधलं मशीन रोज पहाटे पाच वाजता सगळ्या फाइलींची नोंद करून ठेवतं आणि कुठल्याही तारखेचं पान मागितलं तर तसंच्या तसं पुढे करतं. ‘यस्टरडे’ नावाची आज्ञाच आहे. दोनदा माझ्या हातून पानं पुसली गेली, दोन्हीदा परत मिळाली. साध्या बॅकअपनेही मिळाली असती म्हणा.

मग आईला झटका आला. डॉक्टरांच्या भाषेत सौम्य. उजवा हात आठवडाभरात हलायला लागला, पण बोलणं अडखळायचं आणि वाचणंही. थेरपीच्या बाई म्हणाल्या, ओळखीचा मजकूर द्या, मोठ्या अक्षरात, एका वेळी एक ओळ. मला वाटलं, तिच्या स्वतःच्या वहीपेक्षा ओळखीचं काय असणार? संध्याकाळी लॅपटॉप घेऊन गेलो. अक्षरं मोठी केली आणि एक ओळ तेवढी ठेवली: आमच्या परसात विहीर होती.

आईने चष्मा लावला. बोट स्क्रीनला टेकवून वाचायला लागली. ‘आमच्या’वरच अडखळली, तरी पुढे गेली. ‘परसात’ नीट म्हणाली. मग ‘वहि…’ म्हणून थांबली.

‘वहिनी?’

‘नाही गं. नीट बघ.’

‘वहि…’

‘विहीर, आई. तुझीच विहीर.’

तिने चष्मा काढून ताईकडे दिला. ‘पूस जरा.’ पुन्हा लावला. पुन्हा बोट तिथेच. मी पुन्हा म्हणालो, विहीर. तीनदा दुरुस्त केलं मी तिला. शेकडो पोरांना पहिली वेलांटी शिकवलेल्या बाईला. चौथ्यांदा तिने वाचलंच नाही. ‘मला अक्षरं लागेनात रे,’ म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

ताई वाकून स्क्रीनकडे बघत होती. ‘अरे, हे काय लिहिलंयस तू? ही वेलांटी ह वर का आहे?’

तेव्हा मला दिसलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा. आई जे समोर होतं ते बरोबर वाचत होती. त्या खोलीत नीट वाचता येत होतं ते तिला आणि ताईला, येत नव्हतं ते मला.

मी लगेच सांगितलं. यंत्राची चूक आहे, तुझी नाही, तू बरोबर वाचलंस. तिने न वळता माझ्या हातावर थोपटलं. ‘असू दे,’ म्हणाली. लहानपणी मी पडलो की लागलं नाही म्हणून सांगायचो, तेव्हा म्हणायची तसं. दुसऱ्या दिवशी मी मूळ वही नेली. त्यातलं तिने थोडं वाचलं, बरंचसं नाही. म्हणजे थेरपीच्या हिशेबाने त्या संध्याकाळीही तिला फार वाचता आलंच नसतं. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय. पण ‘विहीर’ तिला आली असती की नाही, ते कळायची सोय मी ठेवली नाही.

मग त्याच रात्री लॅपटॉप पुसून टाकायला हवा होता ना? भाचा हेच म्हणाला. मी उलट केलं. महिनाभराने मजकूर मांडणारा कोड उघडला. अख्ख्या सिस्टिममध्ये हे जिथे घडतं ती जागा सापडायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि वाचून समजली. तुमच्या सिस्टिममध्ये वेलांटी बरोबर येते, मान्य. पण ती कोण आणतं, कुठे आणतं, हे तुम्ही कधी बघायला जाल? तुम्हाला कशाला जावं लागेल, हेही मान्यच. मला जावं लागलं आणि जाता आलं. याला कारण म्हणायचं की समर्थन, मला ठरवता येत नाही.

आता चित्र काढायच्या आधी माझा तुकडा वेलांटी मागे आणतो. जोडाक्षरांचं अजून जमलेलं नाही. क्ष, ज्ञ, त्र यांची वेगळी चित्रं करून बघितली, पण मग माउसने शब्द निवडताना अर्धंच अक्षर हाती लागतं. नाइनफ्रंटवाल्यांना हा तुकडा पाठवावा असा नाही, ते नाकारतील आणि बरोबर करतील.

आई आता पेपर वाचते, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. स्क्रीनवरचं काही दाखवायला गेलं की म्हणते, ‘त्या डब्यातलं नको, तूच वाच.’ वहीची शेवटची चाळीसेक पानं राहिलीत, ती मी त्याच डब्यात टाइप करतोय.

गेल्या रविवारी ताई आली होती. मी तिला ती ओळ दाखवली. विहीर नीट दिसत होती, फक्त कर्सर एक अक्षर पुढे पडत होता. ताईने वाचली आणि विचारलं, ‘आईला दाखवलीस?’

नाही.