नायट्रोवाला भाचा आणि सारंगखेड्याचा पाळणा

माझा भाचा नायट्रोत तीनदा बसला आहे. हे तो आपणहून सांगतो, कुणी विचारलेलं नसताना. धुळ्याहून निघालो, गाडी अजून गावाबाहेर पडायची होती, तेवढ्यात त्यानं आजीला सांगून टाकलं, "आजी, यात्रेतले पाळणे म्हणजे लहान मुलांचं काम. मी नायट्रोत तीनदा बसलोय." माय मागच्या सीटवर डब्याचं फडकं घट्ट बांधत होती. तिनं विचारलं, "ते काय ऱ्हास रे भो?"

ते काय असतं हे मलाही सांगता आलं असतं, कारण त्या तीनपैकी एका वेळी मी त्याच्या शेजारी होतो. खोपोलीजवळच्या इमॅजिकात, गेल्या मे महिन्यात. हे पार्क 2013 साली सुरू झालं आणि नायट्रो तिथला सगळ्यात मोठा रोलरकोस्टर. उंची 40 मीटरच्या आसपास, वेग ताशी शंभराच्या वर, आणि वाटेत पाच वेळा माणूस उलटा होतो. गाडी सुटायच्या आधी पायाखालची फरशीच खाली सरकते. पाय लोंबकळत राहतात, खांद्यावरून आलेलं कुलूप छातीला दाबतं आणि चढावर साखळीची खटखट सुरू होते. तो आवाज ऐकूनच मी कुलदैवताचं नाव घेतलं होतं. नंतर कळलं की असल्या चढावरची खटखट म्हणजे गाडी मागं घसरू नये म्हणून लावलेल्या खिट्ट्या. थोडक्यात, ज्या आवाजाला मी घाबरलो तो माझ्या रक्षणाचाच आवाज होता. भाच्यानं हा किस्सा दोंडाईचा येईपर्यंत आजीला दोनदा ऐकवला, माझ्या किंचाळण्याच्या नकलेसकट.

दोंडाईच्याला चहा घेतला आणि पुढं निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचून उरलेली कपाशी, मधेच हरभरा, आणि यात्रेच्या दिवसांत हमखास दिसणारे घोड्यांचे टेम्पो. तापीचा पूल आला की माय हात जोडते आणि खिडकीतून नदीत एक नाणं टाकते. यंदा खिडकीच्या बटणाशी खटपट करण्यात पूल संपला. नाणं येताना टाकू म्हणाली.

सारंगखेडा हे शहादा तालुक्यातलं, तापीकाठचं गाव. इथल्या एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते, म्हणजे ऐन मार्गशीर्ष पौर्णिमेच्या थंडीत. बाहेरच्यांना यात्रा माहीत असते ती घोड्यांमुळे. अलीकडं त्याला चेतक महोत्सव असंही नाव मिळालं आहे. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा असे सगळे घोडे ओळीनं बांधलेले असतात. मारवाडी ओळखायचा कानांवरून. दोन्ही कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. एका मालकानं आपल्या घोडीची रवाळ चाल दाखवली. पाठीवरचा माणूस जागचा हलत नव्हता, जणू पाण्यावरून नाव चालली आहे. मी तिथंच तासभर उभा राहिलो असतो. पण भाच्याच्या अंगात पुणेरी घाई आणि मायच्या अंगात दर्शनाची, त्यामुळे दोघांनी मिळून मला ओढलं. दर्शनाची रांग नेहमीसारखीच होती. तिच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

डबा नदीकाठी उघडला. भरीत, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, त्यामुळे तो धुरकट वास फडकं सोडल्याबरोबर पसरला आणि शेजारच्या कुटुंबातली एक बाई सरळ म्हणाली, "दे वो माय, एक घास." मायनं दिलं. त्यांच्याकडची गोडीशेव आमच्याकडं आली. पोटभर भरीत खाऊन झुल्यात बसू नये, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही.

झुल्यांचा भाग यात्रेच्या एका कडेला. लांबूनच भोंगे ऐकू येतात, आणि प्रत्येक झुल्याचं गाणं वेगळं, त्यामुळे कुठलंच धड ऐकू येत नाही. ब्रेक डान्स, मागंपुढं झुलणारी नाव, मौत का कुआँ, तीन आकाशपाळणे आणि भाच्याच्या नजरेत भरलेली ड्रॅगन ट्रेन. लंबगोल रूळ, त्यावर एक उंचवटा, आणि पुढं लाल जिभेचं अजगरासारखं तोंड.

"हा रोलरकोस्टर नाही, मामा. हिला मोटार आहे."

पोरगं बरोबर बोलत होतं. अस्सल रोलरकोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला पहिल्या टेकडीवर नेऊन सोडते आणि पुढचं सगळं तिच्या वजनावर चालतं. म्हणून पुढच्या टेकड्या पहिलीपेक्षा ठेंगण्या असतात, नाहीतर गाडी अर्ध्यात अडकेल. 1884 साली अमेरिकेत कोनी आयलंडला पाच सेंटांचं तिकीट घेऊन लोक ज्या गाडीत बसले, तीही अशीच उतारावरून आपोआप धावायची. तिचा वेग मात्र आपल्या सायकलवाल्यानं सहज गाठावा इतकाच होता. आणि ते उलटं करणारं वेटोळं पूर्ण गोल नसतं, थेंबासारखं असतं. गोल केलं तर तळाशी माणसाच्या अंगावर फार भार येतो, मानेचं काही खरं नाही. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या एका रोलरकोस्टरवर हा थेंबाचा आकार यशस्वी झाला, आणि तेव्हापासून माणसं सुखानं उलटी होऊ लागली.

हे सगळं ज्ञान भाच्याला आहे, आणि म्हणूनच घोळ झाला. नायट्रोत शेवटची रांग सगळ्यात भारी. पुढचे डबे उतरायला लागले की शेवटचा डबा माथ्यावरून खेचला जातो, आणि सीटवरून उठल्यासारखं होतं. तो हिशेब लावून आम्ही ड्रॅगनच्या शेपटीत बसलो. मांडीवर एक दांडी, तिला साखळीचा हूक. तिकीट 50 रुपये. पण इथं उंचवटा नावालाच आणि वळणं जोरात. पहिल्याच वळणावर अजगरानं शेपूट झटकलं आणि भाच्याचा सगळा भार माझ्या बरगड्यांवर आला. पुढच्या वळणावर माझा त्याच्यावर. नायट्रोत वळणावर रूळ कलतात, शरीर सीटला चिकटून राहतं. इथं रूळ सपाट आणि शरीर आपलं आपण सांभाळायचं. एकूण सहा फेऱ्या. चौथीला भरीत घशाशी आलं. उतरल्यावर भाचा बराच वेळ बुटाची लेस बांधत बसला. त्याच्या बुटाला लेस नव्हती.

माय बाहेर रेवड्यांची पुडी घेऊन उभी होती. "इतलामाच व्हई गयं का?"

मग तिनंच बोट दाखवलं. तिन्हीतल्या सगळ्यात उंच पाळण्याकडं.

मायच्या लहानपणी यात्रेत लाकडाचा पाळणा यायचा. चार पेट्या, आणि दोन गडी हातानं फिरवायचे. धान्य दिलं तरी बसू द्यायचे, असं ती सांगते. शिकागोच्या 1893 च्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरनं 80 मीटर उंचीचं लोखंडी चाक उभं केलं आणि इंग्रजीत सगळ्या पाळण्यांना त्याचं नाव चिकटलं. त्या चाकात एका वेळी दोन हजारांवर माणसं मावायची. लाकडी पाळणे त्याच्याही कितीतरी आधीपासून फिरत होते, त्यांच्या सुतारांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

हा पाळणा काळ्या मातीत उभा होता. भाच्यानं वाकून पाहिलं. लोखंडी पायांखाली लाकडाचे ओंडके रचलेले, चाकाच्या कडेला ट्रकचं टायर घासत होतं आणि तेच चाकाला फिरवत होतं. "मामा, हे एवढंच?" त्यानं विचारलं. आवाजातला पुणेरीपणा गेला होता. पाळणेवाल्या पोरानं आमच्याकडं एकवार पाहिलं आणि मायला वेगळ्या डब्यात बसवायला निघाला. समोरासमोरचे डबे सारख्या वजनानं भरावे लागतात, नाहीतर एका बाजूला ओढ बसते आणि मोटारीला जड जातं. त्याच्याकडं वजनकाटा नव्हता, एका नजरेत तो माणूस तोलत होता. मायनं ऐकलं नाही. शेवटी तिघं एकत्र बसलो आणि समोरच्या डब्यात त्यानं एक जाडजूड जोडपं चढवलं.

फिरण्याची भीती वाटली नाही. भीती वाटली थांबण्याची. खाली कुणी चढत होतं आणि आमचा डबा नेमका टोकावर. डबा मागंपुढं झुलायला लागला, वरची खीळ कुरकुरली. नायट्रोत विचार करायला वेळच मिळत नाही, दोन-अडीच मिनिटांत सगळं आटोपतं. इथं वरती थंड वारा, खाली दिव्यांची माळ, पलीकडं तापीचं काळं पाणी, आणि डोक्यात तो ओंडका. भाच्यानं दांडी दोन्ही हातांनी धरली होती. मीही.

"मामा, खाली कधी घेतील?"

मायनं पुडी त्याच्यापुढं धरली. "बठ रे भो, काही नही व्हत. तुना मामा बी असाच रडे." मग तिनं अंधारात बोट रोखलं आणि तो बघ घोड्यांचा बाजार, तो बघ पूल, असं दाखवत राहिली. तेवढ्या उंचीवरून घोडे दिसत नव्हते, पण खिंकाळणं स्पष्ट ऐकू येत होतं. भाच्यानं एक रेवडी घेतली. हात दांडीवरून काढावा लागला, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

मौत का कुआँ पाहायचा राहिला. परत निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते. पुलावर मी गाडी हळू केली, काच खाली घेतली, मायचं नाणं एकदाचं नदीत पडलं. दोंडाईच्यापर्यंत कुणी बोललं नाही. मला वाटलं, दोघंही झोपले.

"काय रे भो," मागून आवाज आला, "तुमना त्या खोपोलीवालामा म्हाताऱ्यास्ले बठू देतस का?"

भाचा जागाच होता. "आजी, तिथं आधी उंची मोजतात. पट्टी लावलेली असते."

आरशात पाहिलं तर माय सीटवर पाठ सोडून ताठ बसली होती.