नवीन गाडी, पहिले हजार किलोमीटर आणि ऑइलचा घोळ

नवीन गाडी घेतली की सगळे एकच सांगतात, हळू चालव रे. अर्धंच खरं आहे ते. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात मुद्दाम घासून पाडलेल्या, बारीक तिरक्या रेघा असतात आणि पिस्टन रिंग (पिस्टनभोवतीचं धातूचं कडं) त्यावर घासून घासून नीट बसते, पण रिंगला भिंतीवर दाबतो तो आतल्या गॅसचा दाब, म्हणजे सारखं गोगलगायीसारखं चालवलं तर रिंग बसणार कशी? मी पहिले १००० ते १५०० किमी आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) सतत वरखाली ठेवला, मध्यम थ्रॉटल, हायवेवर एकाच स्पीडला तासभर नाही, आणि कमी स्पीडला वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवायचं तर अजिबात नाही. थंड इंजिन रेस करणं तर नंतरही नकोच.

आता ऑइल. सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं ऑइल, घातलं की रिंग बसत नाही म्हणे! अरे, कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्स कार १९९२ पासून कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येते, तिचं काय वाकडं झालं? मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलंय तर तेच घाला, डब्ल्यू म्हणजे विंटर, आधीचा आकडा ऑइलच्या थंडीतल्या जाडपणाचा आणि नंतरचा गरम इंजिनातल्या. जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण हे काही खरं नाही. आणि हो, डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) अधूनमधून बघत जा, सुरुवातीला थोडं ऑइल खातं इंजिन.