आठव्या ओळीचा सांधा

सोलापूर, रविवार, १० ऑगस्ट २०२५, रात्र

काल नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव झाला. गल्लीतले माग बंद असल्यामुळे दिवसभर खटखट ऐकू आली नाही, आणि त्या शांततेत बसून मी माझ्या खेळावर आलेले सगळे अभिप्राय पहिल्यांदा सलग वाचले. गेल्या आठवड्यात मी आयुष्यातला पहिला व्हिडिओ गेम पुरा केला. त्याआधीची तीन वर्षे मी फक्त सुरुवातच करत होते, म्हणून हे इथे लिहून ठेवायला हवे.

त्या तीन वर्षांत मला सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फिरता येईल असा, गड्ड्याच्या यात्रेचे सगळे दिवस असलेला आणि सात नंदीध्वजांची मिरवणूक दाखवणारा एक मोठा खेळ करायचा होता. कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून घरी आल्यावर मी रोज तासभर त्यावर घालवत असे. नकाशे झाले, पात्रांची नावे ठरली, तलावाच्या पाण्याची निळी छटा चारदा बदलून झाली. मात्र खेळणाऱ्याने नेमके करायचे काय, या प्रश्नाला माझ्याकडे कधीच उत्तर नव्हते. मोठ्या आराखड्यामुळे तो प्रश्न झाकला जात होता आणि तो झाकलेला राहावा, असे मलाही वाटत असावे.

गेम जॅम म्हणजे ठरलेल्या मुदतीत खेळ तयार करण्याची स्पर्धा; तिथे हा प्रश्न पहिल्या तासातच विचारला जातो. वेळ ठरलेली असते, विषय सुरुवातीलाच जाहीर होतो आणि मुदत संपण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला खेळता येईल अशी वस्तू द्यावी लागते. २००२ साली सुरू झालेल्या लुडम डेअर या जॅमच्या मूळ स्पर्धेत ४८ तासांत एकट्याने चित्रे, आवाज आणि संगणकाला द्यायच्या सूचना असे सगळे करावे लागते. तिथेच गटाने काम करणाऱ्यांसाठी ७२ तासांचा वेगळा विभाग आहे. २००९ पासून होणाऱ्या ग्लोबल गेम जॅममध्ये वेगवेगळ्या शहरांतली माणसे एकत्र बसून काम करतात. मी भाग घेतला तो ‘गेम मेकर्स टूलकिट’ ही यूट्यूब वाहिनी चालवणाऱ्या मार्क ब्राउन यांच्या जॅममध्ये. तो २०१७ पासून इच डॉट आयओ या संकेतस्थळावर भरतो आणि या वर्षी त्याची मुदत ९६ तासांची होती. सुट्टी मिळणार नव्हती, त्यामुळे त्या ९६ तासांतले माझ्या वाट्याला जेमतेम तीस आले.

विषय होता ‘लूप’, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरून येणारे चक्र. तो वाचला तेव्हा खालच्या मजल्यावर माग चालू होता आणि आडवा धागा नेणारा धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावत होता. याहून जवळचे चक्र मला शोधूनही सापडले नसते.

अप्पांनी अडतीस वर्षे चादरीच्या नक्षीचे काम केले. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरून मोर काढायचा, त्या कागदावरून जकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे, छिद्रांचे पत्ते पाडायचे आणि ते मागावर चढवायचे, असा तो क्रम असे. पत्त्यावर छिद्र असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. लहानपणी मी त्यांच्याशेजारी बसून कोरे चौकोन मोजत असे. संपूर्ण चादरीचे चित्र कागदावर कधीच नसायचे. एक मोर नीट बसवला की पत्त्यांची माळ फिरत राही आणि तोच मोर पुन्हा पुन्हा उतरत जाई. तीन वर्षे मी संपूर्ण चादर कागदावर काढू पाहत होते, हे मला त्या रात्री विषय वाचल्यावर कळले.

खेळ असा ठरला. आठ बाय आठ चौकोनांचा एक कागद. धोटा प्रत्येक ओळीतून जाताना खेळणाऱ्याने एक कळ दाबून हवे ते चौकोन विणायचे. आठ ओळी झाल्या की तीच नक्षी एकावर एक रचली जाते आणि विणलेल्या चौकोनांच्या पायऱ्या धरून एक मोर वर चढू लागतो. मोराची उडी दोन ओळींपर्यंत पोचते, म्हणजे मध्ये एक कोरी ओळ असली तरी चालते. लागोपाठ दोन कोऱ्या आल्या की तो पडतो. आपणच विणलेली चूक दर आठ ओळींनी आपल्यासमोर परत येते, एवढाच त्याचा गाभा आहे.

यासाठी मी गोडो हे मोफत आणि मुक्त साधन वापरले. नव्याने शिकणाऱ्याला ते जड जात नाही, कारण त्याची सूचनांची भाषा पायथॉनच्या वळणाची आहे. आवाजांसाठी एसएफएक्सआर हे छोटे साधन वापरले. ते २००७ साली एका लुडम डेअरच्या वेळी, मुदतीच्या घाईत असलेल्यांना चटकन आवाज तयार करता यावेत म्हणून लिहिले गेले होते. अनोळखी सहभागींच्या सोयीसाठी कोणीतरी वेळ काढून एक अवजार केले आणि अठरा वर्षांनी ते माझ्या धोट्याचा आवाज काढायला उपयोगी पडले, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

दुसऱ्या दिवशी भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर खेळ उघडला तेव्हा धोटा एवढ्या वेगाने धावला की कळ दाबायला वेळच मिळेना. त्याचा पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतो, माझा ६० वेळा, आणि मी प्रत्येक चित्रामागे ठरावीक अंतर पुढे सरकायला सांगितले होते. म्हणून त्याच्याकडे वेग जवळजवळ अडीचपट झाला. मागच्या चित्रापासून किती वेळ गेला त्याने वेगाला गुणायचे, म्हणजे अंतर सगळीकडे सारखे पडते. वेग गुणिले वेळ हे सूत्र मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. ते स्वतःच्या कामात विसरल्याचे मला वाईट वाटले, पण आता ते मुलांसमोर मांडायला माझ्याकडे खरे उदाहरण आहे.

उडीबद्दलही एक गोष्ट शिकले, जी मला कोणत्याही पाठात भेटली नव्हती. पायरीची कड सुटल्यानंतर क्षणभराने कळ दाबली, तरी खेळणाऱ्याला आपण वेळेवर दाबली असेच वाटते आणि मोर पडला की तो खेळावर अन्यायाचा आरोप करतो. कड सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडी मान्य केली, तेव्हा भाच्याच्या कपाळावरची आठी गेली. बिनचूक हिशेब आणि माणसाला न्याय्य वाटणारा हिशेब यांत एवढे अंतर असते.

शेवटच्या दुपारी वीज गेली. बॅटरीवर काम संपवून, फोनच्या इंटरनेटवरून खेळ चढवला, तर ब्राउझरमध्ये धोटा दिसेना. चित्राच्या फाइलचे नाव मी मोठ्या अक्षराने ठेवले होते आणि सूचनेत लहान अक्षराने लिहिले होते. विंडोजला दोन्ही एकच वाटतात, तयार होऊन बाहेर पडलेल्या खेळाला मात्र ती दोन वेगळी नावे असतात. हे शोधण्यात पाऊण तास गेला. मुदत संपायला तेवीस मिनिटे उरली असताना दुरुस्त केलेली प्रत चढली. मुदतीच्या आदल्या दिवशीच एक अर्धवट प्रत चढवून पाहायची, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

त्यानंतरचे दिवस मला जॅमइतकेच मोलाचे वाटले. सहभागी एकमेकांचे खेळ खेळून गुण देतात. मी रोज रात्री पाच-सहा खेळले आणि सत्तावीस जणांनी माझा खेळला. ‘बाबा इज यू’ हा खेळ २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये जन्मला आणि २०१९ मध्ये पूर्ण रूपात बाहेर आला, ‘सेलेस्ट’ची पहिली आवृत्ती चार दिवसांत पिको-८ या छोट्या खेळांसाठीच्या साधनावर झाली होती, हे मी पूर्वी नुसते वाचले होते. मधल्या काळात लोक नेमके काय करत असतील, ते आता थोडे समजते. काल वाचलेल्या अभिप्रायांपैकी चार एकाच ठिकाणी बोट ठेवत होते: नक्षी बरोबर विणली आहे असे खेळ सांगतो, तरीही पहिली फेरी संपताना मोर पडतो.

मला कारण सापडेना. आज सकाळी चहाच्या वेळी मी तीच नक्षी पडद्यावर आणून अप्पांना दाखवली. ते खेळले नाहीत. चष्मा वर करून त्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “ही आठवी ओळ न् ही पहिली जुळत नाहीत गं. दोन्ही कोऱ्या सोडल्या आहेस. चादरीवर आडवा पट्टा दिसला असता.”

लागोपाठ दोन कोऱ्या ओळी आल्यास सावध करणारी सूचना मी लिहिली होती, पण ती पहिल्या ओळीपासून आठव्यापर्यंतच तपासत होती. आठवीनंतर पुन्हा पहिली येते, हे चक्राच्याच खेळात तपासायचे राहून गेले होते. ओळीच्या क्रमांकाला आठने भागून बाकी घ्यायची, एवढाच बदल होता.

“तुम्ही हे कसं ओळखायचा, अप्पा?” मी विचारले.

“आठवी झाली की पहिली परत वर लिहायची कागदावर,” ते म्हणाले. “मग सांधा डोळ्यासमोर राहतो.”

दुपारी दुरुस्त केलेली प्रत चढवली आणि त्या चौघांना कळवले. आत्ता टेबलावर अप्पांच्या जुन्या गठ्ठ्यातला एक ग्राफ पेपर आहे. त्यावर आठ ओळी आखल्या आहेत आणि त्यांच्या वर, नववीच्या जागी, पेन्सिलने पहिली पुन्हा उतरवली आहे. अप्पांना दोन रंगांचे धागे हवे आहेत, तेव्हा दुसऱ्या धाग्यासाठी दुसरी कळ लागेल.