सीटची दांडी आणि मासळीचा बर्फ

हरमलला ओळखीच्यांच्या घरी खोली घेऊन राहिलेला एक परदेशी माणूस जाताना आपली सायकल तशीच टाकून गेला. चार-पाच पावसाळे ती माडाला टेकून उभी होती. घरमालकांनी मला ती दीड हजाराला दिली, आणि पैसे मोजून घेताना असे काही हसले की तिथेच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण सोलवटलेल्या स्टिकरवर 'क्रोमोली' (चांगल्या सायकलींना वापरतात ते हलकं पोलाद) एवढी अक्षरं लागत होती, आणि फ्रेमला टिचकी मारली तर ती छान खणखणत होती. ब्रेक जुन्या कँटिलिव्हर पद्धतीचे. सायकलीचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीचे नव्या पद्धतीचे व्ही-ब्रेक १९९६ मध्ये आले, म्हणजे ही त्याआधीची असणार, असा मी हिशोब केला.

कवळ्याला घरी आणून उलटी केली तर पेडलच्या दांड्या जिथे बसतात त्या क्रँकच्या नळीतून तांबडं पाणी आलं आणि मागोमाग थोडी वाळू. आईने ओसरीवरूनच बजावलं, "ते घरात आणू नकोस हं."

नटबोल्ट, क्रँकचे स्क्रू वगैरे माडाच्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी गंज ब्रशने निघून गेला. नंतर सोड्याच्या पाण्याने धुतलं, नाहीतर उरलेलं आम्ल पुन्हा गंज चढवतं. इथवर मजाच होती.

मग सीट पिलर, म्हणजे सीटची दांडी. तो माणूस ताडमाड उंच असावा, कारण पिलर असा वर काढलेला होता की माझे पाय पेडलला पोचेनात. खाली करायला गेलो तर हलेचना. पिलर अ‍ॅल्युमिनियमचा, फ्रेम लोखंडी. दोन वेगळे धातू आणि मध्ये हरमलची खारी हवा. अशा जोडीत अ‍ॅल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी होते, आणि ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते. त्यामुळे पिलर नळीत पाचरीसारखा घट्ट बसतो.

नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे नेली. त्याचं बहुतेक गिऱ्हाईक म्हणजे पोदेर, म्हणजे पाववाले; मागे पावांची टोपली बांधलेल्या दणकट सायकली. त्याने ब्लो लॅम्पने नळी तापवली, हातोडीने ठोकली, पिलर आणखीच घट्ट झाला. "हें जावचें ना, बाब," म्हणाला. दोष त्याचा नव्हता. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, हे मी त्या रात्री वाचलं. म्हणजे उलट करायला हवं होतं. गार.

गोव्यात बर्फ कुठे मिळतो हे का सांगायला हवं? फोंड्याच्या मासळी बाजारात एका मावशीकडे गेलो. "आनी नुस्तें?" मासळी नको का, असं तिने विचारलं. फक्त बर्फ हवा म्हटल्यावर तिने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं, पण पिशवी भरून दिली, पैसेही घेतले नाहीत.

तीन दिवस गंज सोडवणारं तेल मुरवलं. मग ग्रील बनवणाऱ्याच्या दुकानात गेलो, कारण पक्का वाइस त्याच्याकडेच. चवथीआधीचे दिवस, त्याच्याकडे गेटांची रांग लागलेली. दुपारच्या जेवणाच्या वेळेत ये म्हणाला. पिलरभोवती बर्फाची पिशवी वीस मिनिटं धरली, सीट काढून पिलरचं डोकं वाइसमध्ये आवळलं, आणि पिलर न फिरवता सगळी फ्रेमच फिरवली. फ्रेम म्हणजे हातभर लांबीचा पानाच की! आधी काहीच नाही. मग गोळी सुटल्यासारखा आवाज झाला आणि तो केसभर सरकला. उरलेला अर्धा तास नुसतं मागेपुढे, मागेपुढे. बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर पांढरा थर होता आणि माझ्या अंगाला बांगड्यांचा वास.

क्रँकच्या नळीतला बेअरिंगचा कप काढताना मात्र मूर्खपणा माझाच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लहानपणापासून माहीत. क्रँकच्या नळीत उजवा कप उलटा असतो, हे नव्हतं. तासभर मी तो सोडवतोय असं समजून आवळत होतो.

चाकांनी आणखी एक धडा दिला. रिमा गंजून गेल्या होत्या. नाक्यावर '२६ चा टायर' मागितला तर २६ × १ ३/८ चा निघाला. बसला नाही. दुसऱ्या दुकानातला २६ × १ १/२. तोही नाही. खरा प्रकार असा की यांत २६ हा आकडा नुसता नावाचा असतो. अपूर्णांकातले टायर वेगळ्या रिमांचे: पहिल्याची बैठक ५९० मिलिमीटर, दुसऱ्याची ५८४, आणि माउंटन बाइकचा २६ × १.९५ असा दशांशात लिहिलेला टायर ५५९ चा. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ५०-५५९ असं लिहिलेलं असतं, तेच वाचावं. शेवटी म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी एका भंगारवाल्याकडे कोणाच्या तरी मुलाच्या गियर सायकलची दोन्ही चाकं मिळाली, मागे सात दातेरी चकत्यांचा फ्रीव्हील, आठशे रुपयांत. चाकाचा आउट, म्हणजे डुगडुग, मी घरीच काढला. हबमधले छर्रे मात्र नवे घातले: मागे पाव इंचाचे, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ.

गियरची जोडणी सोपी गेली. ब्रेकची नाही. भंगारवाल्याने चाकांबरोबर व्ही-ब्रेकही दिले, ते मी जुन्याच लिव्हरना जोडले. फर्मागुढीच्या उतारावर पहिल्यांदा दाबले तर लिव्हर सरळ हँडलला टेकला! व्ही-ब्रेकला केबल जवळजवळ दुप्पट खेचावी लागते. जुना लिव्हर तेवढी खेचतच नाही. देवाच्या कृपेने समोर बस नव्हती, चढाकडे वळवून थांबलो. दुसऱ्या दिवशी लिव्हर बदलले. चेन, केबली, ब्रेक शू या तीन गोष्टी जुन्या घ्यायच्याच नाहीत असं ठरवलं होतं. लिव्हर त्यात नव्हते, एवढाच तो घोटाळा.

सगळं मिळून नऊ हजारांच्या आसपास गेले. तेवढ्यात थोडी भर घातली असती तर नवी गियर सायकल आली असती, हे आईने मला सांगितलं, आणि ते दोनदा सांगितलं.

आता दर रविवारी सकाळी केरी, सावईपर्यंत जातो. पावसाळा लागल्यापासून महिन्यातून एकदा सीट पिलर काढतो, पुसतो, ग्रीस लावून परत घालतो. परवा काढून पाहिला. एका हाताने निघाला.