ऑइलर म्हणजे तेलवाला नव्हे

1 जूनला मासेमारी बंद झाली की हर्णैच्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीत जाऊन शाकारल्या जातात आणि लिलावाच्या पुळणीवर मांजरंही फिरकत नाहीत. 31 जुलैपर्यंत पोरांना वेळच वेळ. माझा इंग्रजीचा वर्ग म्हणूनच त्या दोन महिन्यांत भरतो. बोटीवर नोकरीसाठी धडपडणारे चौघं, दोन खलाशी, दापोलीच्या कॉलेजात जाणाऱ्या दोघी. व्याकरणाची पुस्तकं मी केव्हाच बाजूला ठेवलीत. गोष्ट वाचायची, मग तिच्यावर इंग्रजीतच वाद घालायचा. चुकलं तर चुकलं.

आधी ओ. हेन्रीची 1905 सालची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' घेतली होती. नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घ्यायची म्हणून बायको केस विकते आणि तो तिच्या केसांसाठी कंगवे घ्यायला घड्याळ विकून बसतो, ती. मुलींना आवडली. पण पहिल्याच ओळीतल्या एक डॉलर सत्त्याऐंशी सेंटच्या हिशेबात माझा अर्धा तास गेला आणि खलाशी जांभया द्यायला लागले. त्यातला थोरला तर महिनाभर 'येस सर'च्या पुढे गेलाच नव्हता.

मग स्टीफन क्रेनची 'द ओपन बोट' काढली. क्रेन वार्ताहर होता. क्यूबाला शस्त्रं घेऊन निघालेलं त्याचं जहाज जानेवारी 1897 मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालं आणि तो आणखी तिघांबरोबर दहा फुटी होडीत समुद्रावर तरंगत राहिला. त्याच वर्षी त्याने त्याची गोष्ट केली. होडीत जखमी कप्तान, आचारी, वार्ताहर आणि ऑइलर.

"ऑइलर म्हणजे तेलवाला," मी ठोकून दिलं. "जहाजावर तेलाचा हिशेब ठेवणारा असेल."

मागून कोणीतरी फस्सकन हसलं. "सर, माझा मामा ऑइलर हाय. इंजिनरूममध्ये असतो. मशिनला तेल-वंगण बघतो. हिशेब कसला?"

चूक कबूल केली आणि पुढे निघालो. गोष्टीचं पहिलंच वाक्य असं, की त्यांच्यातल्या कोणालाच आभाळाचा रंग माहीत नव्हता. कॉलेजात असताना यावर मी पानभर उत्तर लिहिलं होतं: निराशा, निसर्गाची बेपर्वाई वगैरे. तेच सांगायला सुरुवात केली, तर थोरला खलाशी चुळबुळायला लागला. बोल म्हटलं.

"नो टाइम, सर," तो म्हणाला. मग थांबला, आणि हात डोळ्यांसमोर आडवा धरून म्हणाला, "आइज हिअर. ओन्ली वेव्ह. यू लुक अप, वेव्ह कम इनसाइड."

क्रेनने दुसऱ्या वाक्यात नेमकं तेच लिहिलंय. त्यांचे डोळे समोरून येणाऱ्या लाटांवर खिळलेले होते. मी ते वाक्य अजून वाचूनही दाखवलं नव्हतं.

त्यानंतर वर्ग माझा राहिलाच नाही. होडीत जागा बदलण्यापेक्षा कोंबडीखालची अंडी चोरणं सोपं, असं गोष्टीत येतं. दोघांनी बाक ओढून होडी केली. एकाने आडव्या फळीवरून हात सरकवत नेला, दुसरा कुल्ले न उचलता त्याच्या बाजूने घसरला. फळीला इंग्रजीत 'थ्वार्ट' म्हणतात हे मलाच आदल्या रात्री कोशात सापडलेलं. त्यांनी तो शब्द दोनदा घोळवला आणि पक्का केला. पाणी उपसणारा आचारी, वल्ह्यावरचा वार्ताहर, सगळ्यांना आपापल्या होडीतली माणसं दिसत होती.

किनाऱ्यावरचा एक माणूस कोट फिरवतो आणि होडीतले चौघं भांडत बसतात, की हा मदतीला बोलावतोय की नुसताच मजा करतोय, तिथे हशा झाला. मुरूड-कर्द्याला पुण्या-मुंबईची मंडळी रोज हात हलवतात, एकजण म्हणाला. "वुई ऑल्सो डू बाय-बाय. इफ इंजिन क्लोज, देन ऑल्सो दे विल डू बाय-बाय!"

शेवटी होडी फुटणाऱ्या लाटांत उलटते. तिघं वाचतात आणि ऑइलर, त्यांच्यातला सगळ्यात दमदार वल्हेकरी, उथळ पाण्यात पालथा सापडतो. कोणीच बोलेना. बाहेर पाऊस कौलांवर बडवत होता. मामावाल्या पोराने झेरॉक्सचं पान परत उलटं केलं, मधली एक ओळ बोटाने शोधली. "बट ही वॉज फर्स्ट, सर. स्विमिंग फास्ट. व्हाय ही?"

मला उत्तर देता आलं नाही. थोरल्याने दिलं. उथळात लाट उचलून आपटते, तिथे पोहणं कामाचं नाही, हे त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत पाच-सात मिनिटं सांगितलं. क्रियापदं सगळी वर्तमानकाळात होती. मी एकही दुरुस्त केलं नाही.

उठताना पुढच्या वेळची गोष्ट सांगितली: जॅक लंडन, 1908, बर्फात एकटा माणूस शेकोटी पेटवायला बघतो. म्हटलं, ही जरा लांबची पडेल तुम्हाला, इथे बर्फ कोणी पाहिलाय?

"बर्फ ना?" धाकटा खलाशी चपला शोधत होता. "सीझनला रोज लाद्या फोडतो की मी, सर. बोटं अशी मरतात, की मागनं बिडी लावायची तर काडीच धरता येत नाय."