सायकल नेमकी कोणाची?

शनिवारी आमची शाळा सकाळची असते आणि सातवीचा शेवटचा तास माझ्याकडे असतो. मागच्या जूनपासून मुख्याध्यापकांच्या संमतीने मी त्या पस्तीस मिनिटांत मुलांशी तत्त्वज्ञानावर चर्चा करते. 'तत्त्वज्ञान' हा शब्द मात्र वर्गात उच्चारत नाही, कारण तो ऐकताच मुले वही उघडून व्याख्येची वाट पाहू लागतात.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. 'खोटे बोलणे नेहमीच वाईट असते का?' असे मी फळ्यावर लिहिले आणि अडतीस मुलांनी एका सुरात 'हो, बाई' म्हटले. त्यात त्यांचा दोष नव्हता. रोज परिपाठाला सुविचार म्हणणाऱ्या मुलांना तो प्रश्न वाटलाच नाही. ती त्यांच्या लेखी एक गाळलेली जागा होती. शिवाय बोलताना सगळ्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते आणि माझी भुवई जराशी वर गेली असती, तर त्याच सुरात 'नाही, बाई' आले असते.

त्यानंतर मी अमेरिकी तत्त्वज्ञ मॅथ्यू लिपमन यांच्या कामाविषयी वाचले. कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवताना त्यांचे मत झाले की, नीट विचार करण्याची सवय महाविद्यालयात लावू म्हटले तर फार उशीर झालेला असतो. म्हणून त्यांनी शाळकरी मुलांसाठी अशी कथा लिहिली की तिच्यातील मुले आपापसांत बोलत तर्काचे नियम स्वतःच शोधून काढतात, आणि १९७४ साली न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथे याच कामासाठी एक संस्था उभी केली. त्यांच्या पद्धतीतील एकच गोष्ट मी लगेच उचलली, ती म्हणजे चर्चेचा प्रश्न मुलांनी काढायचा.

दुसरा नियम घरचाच आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या आपल्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य कळावे म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचे फक्त खोडून काढायचे, ती वितंडा. मराठीत 'वाद' हा शब्द भांडणाच्या अंगाने गेला, याचे मला वाईट वाटते. वर्गात जल्प होऊ नये म्हणून मी पूर्वपक्षाची अट घातली. ज्याचे म्हणणे खोडायचे आहे, त्याचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत सांगायचे आणि तो 'हो, मी असेच म्हणालो' म्हणाला की मगच पुढे बोलायचे. पहिले दोन आठवडे याने सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला आला. तिसऱ्या आठवड्यात मुले एकमेकांचे ऐकू लागली, कारण ऐकल्याशिवाय बोलायला मिळत नव्हते.

आमचे बाक जोडलेले असल्यामुळे गोल करून बसता येत नाही. म्हणून आम्ही व्हरांड्यात सतरंजी टाकतो आणि मीही खालीच बसते (गुडघे तक्रार करतात, पण माझा चेहरा खुर्चीच्या उंचीवरून खाली येतो).

एका शनिवारी एका मुलाने प्रश्न आणला. त्याची सायकल मूळची मोठ्या भावाची. आधी टायर-ट्यूब बदलली, मग चेन, सीट, हँडल, चाके आणि शेवटी फ्रेमसुद्धा. 'आता ही दादाची सायकल की माझी?' एकजण म्हणाला, ज्याने पैसे भरले त्याची. दुसऱ्याने त्याचे म्हणणे नीट परत सांगून विचारले, 'मग पप्पांची म्हणायची का?' तेवढ्यात कडेला बसलेली एक मुलगी म्हणाली, 'बाई, काढलेले सगळे भाग भंगारवाल्याने जोडले तर? मग दादाची सायकल कोणती?'

मी गप्प राहिले, पण मनात थक्क झाले होते. एकेक करून सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच राहते का, ही थीसियसच्या जहाजाची जुनी ग्रीक गोष्ट सांगताना इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज यांनी १६५५ साली नेमकी हीच अडचण घातली होती: काढलेल्या फळ्या जपून ठेवून त्यांचेच दुसरे जहाज बांधले तर? या मुलीपर्यंत हॉब्ज पोहोचलेले असणे शक्य नव्हते.

मग सायकलवाला मुलगा हळूच म्हणाला, 'सायकलचं जाऊ द्या. दादा पुण्याला राहून आलाय ना, तोच दादा वाटत नाही.'

इथे माझ्याकडून चूक झाली. मला राहवले नाही. 'मिलिंदप्रश्न' या बौद्ध ग्रंथात राजा मिलिंद 'मी रथातून आलो' असे म्हणतो तेव्हा भिक्षू नागसेन त्याला विचारतात, रथ म्हणजे चाके का, आस का, दांडी का. आणि 'रथ' हे जसे या सगळ्यांवरून पडलेले नाव, तसेच 'नागसेन' हेही, अशी ती सगळी कथा मी रंगवून सांगितली. माझ्या मते ती चांगली सांगितली. संपली तेव्हा व्हरांडा शांत होता आणि वर्गात पहिल्या ओळीत बसणाऱ्या मुलाने विचारले, 'बाई, मग उत्तर कोणतं लिहायचं?' भावाविषयी बोललेल्या मुलाला आणखी काही सांगायचे होते की नाही, हे विचारायचे राहूनच गेले.

पुढच्या शनिवारी मी गोष्ट नेली नाही. प्रश्न मात्र तोच ठेवला आणि सुरुवात त्या मुलाने करावी, असे सुचवले. तो बोलला, थोडेच; पण घंटा झाल्यावरही सातआठ जण सतरंजी गुंडाळता गुंडाळता वाद घालत होते, आणि त्यांतल्या एकानेही माझ्याकडे पाहिले नाही.

टाचणवहीत प्रत्येक तासापुढे अध्ययन निष्पत्ती लिहावी लागते. त्या दिवशीच्या रकान्यात मी लिहिले आहे: 'सायकल कोणाची, यावर एकमत झाले नाही.' मुख्याध्यापकांनी त्याखाली सही केली आहे.